दामोदर कोसंबी : अणुभट्टी की सूर्य?

पेडणे तालुक्यातील आगरवाडा येथील मिठागरांत खाडीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि उन्हात आटू देतात. पाणी उडून जाते, मीठ उरते. या कामाला कोळसा लागत नाही, लाकूड लागत नाही, वीजही लागत नाही; लागते ते ऊन आणि आगरात राबणाऱ्या माणसांचे कष्ट. डिचोली तालुक्याची ओळख मात्र वेगळी आहे. तिथल्या तांबड्या डोंगरांच्या पोटात लोहखनिज आहे आणि ते खणून परदेशी धाडण्यात त्या तालुक्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. एका ठिकाणचे मीठ आणि दुसऱ्या ठिकाणचे लोखंड यांचा अणुशक्तीशी काही संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे, आणि तो उलगडून पाहायचा तर एका गोमंतकीयाच्या आयुष्याकडे वळावे लागते.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव गोव्याला अपरिचित नाही. त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव पणजीत भरतो, श्रोते गर्दी करतात. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००८ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले. पण त्यांची ओळख सांगताना आपण बहुधा इतिहासकार एवढेच म्हणून थांबतो. हा माणूस पेशाने गणितज्ञ होता. भारताचा अणुकार्यक्रम ज्या संस्थेच्या कुशीत जन्मला त्या संस्थेत त्यांनी सतरा वर्षे काढली, आणि तिथे असतानाच अणुशक्तीच्या वाटेला त्यांनी जाहीर विरोध केला. तो विरोध विज्ञानाला नव्हता. अणूतून शक्ती मिळवण्याच्या ज्या दोन वाटा आहेत, त्यांपैकी कोणती आपल्या देशाला परवडेल हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी मूळचे सांकवाळचे. नारळाची बागाईत सांभाळणाऱ्या या तरुणाला बुद्धाच्या चरित्राने असे झपाटले की १८९९ साली तरुण पत्नीला आणि लहानग्या मुलीला मागे ठेवून तो घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी भ्रमंती करून, संस्कृत आणि पाली शिकून, भिक्षूची दीक्षा घेऊन आणि सोडून धर्मानंद परतले ते पाली भाषेचे प्रकांड पंडित होऊन. त्यांचे निवेदन हे आत्मचरित्र मराठीतील चांगल्या आत्मचरित्रांत गणले जाते. बाप असा म्हटल्यावर मुलाचे बालपण एका गावात जाणे शक्यच नव्हते. पुण्यातील शाळेत थोडी वर्षे काढल्यावर १९१८ साली, अकराव्या वर्षी, दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेला गेला. हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम धर्मानंदांकडे होते. मुलगा तिथल्या केंब्रिज गावच्या शाळेत शिकला, आणि पुढे त्याच विद्यापीठातून १९२९ साली त्याने सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याला येत होत्या. घरात कोकणी आणि मराठी होतीच.

पदवीनंतर ते भारतात आले. बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास. अलीगढला आंद्रे वेय हा तरुण फ्रेंच गणिती त्यांचा सहकारी होता. त्याच्याच सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एका शोधनिबंधाच्या शीर्षकात बुर्बाकी नावाच्या, प्रत्यक्षात नसलेल्या गणितज्ञाचा हवाला दिला. पुढे याच नावाने फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका गटाने ग्रंथमाला लिहिली आणि विसाव्या शतकाच्या गणिताला वळण दिले. बुर्बाकी हे नाव गणिताच्या छापील वाङ्मयात प्रथम आणले ते एका गोमंतकीयाने, ही गंमत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. फर्ग्युसनमधील बारा वर्षांत त्यांनी जुनी आहत नाणी हजारोंनी तोलली. नाणे हातोहात फिरताना झिजते. त्या झिजेवरून त्याचे वय काढता येते, हे त्यांनी संख्याशास्त्राने दाखवले. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकतेत जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र मांडले, ते आजही कोसंबींच्या नावाने वापरात आहे. या सगळ्यांत एक धागा समान आहे. कुठलीही गोष्ट प्रथम मोजायची आणि मगच तिच्याविषयी बोलायचे. पुढचा वाद समजून घेताना ही सवय लक्षात ठेवावी लागते.

१९४५ साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि गणितासाठी कोसंबींना बोलावले. संस्था मुंबईत, कोसंबींचे घर पुण्यात. ते डेक्कन क्वीनने जा-ये करीत. डब्यात बसून वाचणे, लिहिणे, सहप्रवाशांशी वाद घालणे हा त्यांचा परिपाठ होता आणि त्या गाडीच्या नित्याच्या प्रवाशांत त्यांची ओळख निराळीच होती. भाभा आणि कोसंबी यांचे प्रारंभी चांगले जमले. दोघेही परदेशात शिकलेले, दोघेही आपल्या बुद्धीविषयी निःशंक, दोघांनाही भाषा आणि कला यांची जाण. भाभा दोन वर्षांनी धाकटे होते.

याच १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले. विज्ञानाच्या पुस्तकांतील विखंडन हा शब्द एका रात्रीत जगाच्या तोंडी आला.

इथे थोडे थांबून विखंडन म्हणजे काय आणि संमीलन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण कोसंबींच्या आयुष्यातील हा सारा कलह या दोन शब्दांभोवती फिरतो. बातम्यांच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला दोन्हींसाठी अणुऊर्जा हा एकच शब्द वापरून मोकळे होण्याचा मोह होतो. मी तसे केलेलेही आहे. पण हे दोन व्यवहार एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पावसाळ्यात अळवाच्या पानावरचे थेंब पाहावेत. दोन लहान थेंब घरंगळत एकमेकांजवळ आले की चटकन एक होतात. याउलट एखादा थेंब फार फुगला की तो थरथरू लागतो आणि जरासा धक्का लागताच दुभंगतो. अणूच्या गाभ्यातील केंद्रकाचेही ढोबळमानाने असेच असते. युरेनियमचे केंद्रक हा फार फुगलेला थेंब आहे. त्यात न्यूट्रॉन शिरला की त्याचे दोन तुकडे होतात, शक्ती बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉनही सुटतात. ते शेजारच्या केंद्रकांना फोडतात आणि साखळी सुरू होते. हे विखंडन. ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या प्रयोगात ते १९३८ च्या अखेरीस आढळले आणि लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. साखळी मोकाट सोडली की बाँब, आवरून धरली की अणुभट्टी. एक किलो युरेनियम २३५ पूर्णपणे फुटले तर सुमारे पावणेतीन हजार टन उत्तम कोळशाइतकी उष्णता मिळते. पण खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये या जातीचे अणू शेकड्याला एकही नसतात. प्रमाण अवघे ०.७ टक्के. शिवाय जे तुकडे उरतात ते घातक किरणोत्सारी असतात. त्यांतील स्ट्राँशियम आणि सीझियम यांचा किरणोत्सार निम्मा व्हायलाच तीसेक वर्षे लागतात. भट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियमच्या बाबतीत हाच आकडा चोवीस हजार वर्षांचा आहे.

संमीलनात लहान थेंब एकत्र येतात. हायड्रोजनची केंद्रके जुळून हेलियम होते आणि वजनाच्या हिशेबात विखंडनापेक्षा सुमारे चौपट शक्ती मिळते. उरतो तो हेलियम, फुग्यात भरतात तो निरुपद्रवी वायू. जळण म्हणून लागणारा जड हायड्रोजन समुद्राच्या पाण्यातच आहे. हरमलच्या किनाऱ्यावर ओंजळभर पाणी घेतले तर त्यातील दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक असा जड अणू सापडतो. मग अडते कुठे? न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो युरेनियमच्या केंद्रकात सहज शिरतो. हायड्रोजनची दोन केंद्रके मात्र दोन्ही धनभारित, एकमेकांना दूर लोटणारी. त्यांना जवळ आणायला प्रचंड तापमान लागते. सूर्याच्या गाभ्यात ते सुमारे दीड कोटी अंश आहे आणि वर सूर्याचा स्वतःचा अवाढव्य दाब आहे. पृथ्वीवर तेवढा दाब निर्माण करता येत नाही, म्हणून इथे दहा कोटी अंशांच्याही वर जावे लागते. इतके तापलेले द्रव्य ठेवायचे कोणत्या भांड्यात, हा प्रश्न आहे.

आणि डिचोलीचे लोखंड? लहान केंद्रके जोडत गेले की शक्ती मिळत जाते, मोठी फोडत गेले तरी मिळते. दोन्ही वाटा जिथे येऊन संपतात ते ठिकाण लोखंडाच्या आसपास आहे. लोखंडाचे केंद्रक हे सर्वांत घट्ट बांधलेल्या केंद्रकांपैकी एक. त्याला जोडूनही काही मिळत नाही, फोडूनही नाही. सूर्याहून कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटांत जी राख उरली, तीच पुढे पृथ्वीच्या वाट्याला आली आणि तिचा काही अंश डिचोलीच्या डोंगरांत आहे. खाणीवरच्या ट्रकमागे उडणारी तांबडी धूळ ही विझलेल्या ताऱ्यांची राख आहे असे म्हटले तर ते काव्य ठरत नाही, पदार्थविज्ञान ठरते.

कोसंबी १९४८-४९ मध्ये अमेरिकेत गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमितीवर व्याख्याने दिली, प्रिन्स्टनला राहिले, आइन्स्टाइनना भेटले. अणुबाँब ज्या देशाने बनवला त्याच देशातील विद्यापीठे सैन्याच्या पैशावर कशी चालू लागली आहेत हे त्यांनी जवळून पाहिले. विज्ञानाचे स्वातंत्र्य या विषयावर त्यांनी पुढे जे लिहिले त्यात हा अनुभव मुरलेला आहे. परतल्यावर ते जागतिक शांतता चळवळीत शिरले. चीन, सोव्हिएत संघ, हेलसिंकी अशा वाऱ्या झाल्या. मार्क्सवादी विचार त्यांनी पूर्वीच स्वीकारला होता, मात्र पक्षाच्या पोथीनिष्ठांशीही त्यांचे पटत नसे. त्यांनी अशा मंडळींना अधिकृत मार्क्सवादी असे उपरोधिक नाव दिले होते.

दरम्यान जगाने विखंडनावरून संमीलनाकडे उडी घेतली होती, पण ती पुन्हा बाँबच्याच रूपाने. नोव्हेंबर १९५२ मध्ये अमेरिकेने पहिला हायड्रोजन बाँब उडवला. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर केलेला स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा झाला आणि त्याची राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी होडीवर पडली. या बाँबमध्ये हायड्रोजन पेटवायला काडी म्हणून लागतो तो विखंडनाचा बाँबच. माणसाने घडवलेले संमीलन असे विखंडनाच्या खांद्यावर बसून आले.

त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, जीनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होमी भाभा होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केले की संमीलनाची शक्ती आवरून धरण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल आणि मग समुद्रात पाणी आहे तोवर जगाला इंधनाची ददात राहणार नाही. सभागृह थक्क झाले, कारण या विषयावरचे संशोधन तेव्हा बड्या राष्ट्रांनी गुप्त ठेवले होते. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली. पंडित नेहरूंचा भाभांवर पूर्ण विश्वास होता. देश नवा होता, उमेद मोठी होती आणि अणू हा त्या उमेदीचा झेंडा झाला होता. भाभांची दृष्टी क्षुद्र नव्हती हे इथे नमूद केले पाहिजे. कोळसा आणि तेल कधीतरी संपणार, हे त्यांना फार आधी दिसले होते.

कोसंबींनी हिशेब मांडायला घेतला. त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा होता. पाश्चात्त्य देशांत अणुवीज स्वस्त भासते कारण संशोधनाचा आणि इंधन शुद्ध करण्याचा प्रचंड खर्च आधीच बाँबच्या खाती पडलेला आहे. भारताला तो सगळा खर्च विजेच्या खाती धरावा लागेल. दुसरा मुद्दा किरणोत्सारी कचऱ्याचा आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांवर होणाऱ्या परिणामांचा. आनुवंशिकतेच्या गणितात ज्याने स्वतः काम केले होते, त्याला हा मुद्दा अंदाजाने मांडावा लागत नव्हता. तिसरा मुद्दा त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासातून आलेला होता. शक्तीचे उगमस्थान ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. अणुभट्टी ही कुणा गावाच्या आवाक्यातील वस्तू नव्हे. तिला मोठे भांडवल लागते, मोठा पहारा लागतो, गुप्तता लागते, आणि तिथून निघालेली वीज तारांचे जाळे जिथे पोहोचेल तिथेच जाते. तेव्हाच्या भारतातील बहुतेक खेड्यांत तारा पोहोचल्याच नव्हत्या.

मग पर्याय कोणता? त्यांचे उत्तर ऐकणाऱ्यांना तेव्हा भाबडे वाटले असणार. सूर्य. पंधरा कोटी किलोमीटरवर संमीलनाची एक भट्टी अखंड चालू आहे. ती दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजन जाळते आणि त्यातील चाळीस लाख टन द्रव्याचे शुद्ध शक्तीत रूपांतर होते. तिचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत आपल्या अंगणात येतो. तिला पहारा लागत नाही, तिचा कचरा आपल्या दारात येत नाही. निरभ्र दुपारी एका चौरस मीटर जमिनीवर जवळपास एक किलोवॉट शक्ती पडते, आणि भारतासारख्या देशात वर्षातले बहुतेक महिने ती पडतच असते. युरोपला हे ऊन नाही, म्हणून युरोपने अणूच्या मागे लागणे समजण्यासारखे आहे. आपण त्यांचे अनुकरण का करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबसमोर त्यांनी या विषयावर भाषण केले. याच महिन्यात तुर्भ्याला कॅनडाच्या साह्याने बांधलेली नवी, मोठी अणुभट्टी चालू झाली होती. ज्या संस्थेचा संचालक हाच देशाच्या अणुशक्ती आयोगाचा अध्यक्ष, त्या संस्थेच्या प्राध्यापकाने व्यापाऱ्या-उद्योजकांच्या सभेत उभे राहून आयोगाचा हिशेब चुकला आहे असे सांगावे, ही साधी गोष्ट नव्हती. सौरशक्तीचा विचार करताना त्यांच्या डोळ्यांपुढे अवाढव्य वीजकेंद्रे नव्हती. पाणी तापवणे, अन्न शिजवणे, शेताला पाणी उपसणे अशी घरगुती आणि गावपातळीवरची कामे होती. चुलीत जाणारे लाकूड वाचले तर रान वाचेल, शेण गोवऱ्यांऐवजी शेतात गेले तर जमीन सुधारेल, ही त्यामागची दृष्टी होती.

त्यांचे सारेच बरोबर होते असे मात्र नाही. उन्हापासून वीज करणारी सिलिकॉनची पट्टी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाली होती. ती पडणाऱ्या उन्हातील जेमतेम सहा टक्के शक्ती पकडत असे आणि तिची किंमत उपग्रहालाच परवडावी अशी होती. रात्रीचे काय, पावसाळ्याचे काय, शक्ती साठवायची कशात, या प्रश्नांना त्या काळात पुरेसे उत्तर नव्हते. पेडण्यातील शेतकऱ्याला जून ते सप्टेंबर या महिन्यांत सूर्य किती दिवस दिसतो हे कोणी सांगायला नको. कोलाड्यावर सोलां वाळत घालणारी गृहिणीही आभाळाकडे एक डोळा ठेवूनच असते. कारखाने आणि रेल्वे चालवण्याची घाई असलेल्या सरकारने साठाच्या दशकात सूर्यावर भिस्त ठेवली नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तक्रार करायची तर एवढीच करता येईल की, अणुशक्तीला मिळालेल्या पैशाचा आणि मनुष्यबळाचा लहानसा वाटाही सौरशक्तीच्या संशोधनाला तेव्हा मिळाला नाही.

याच सुमारास कोसंबींकडून एक मोठी चूक घडली. रीमानचे गृहीतक हा गणितातील अतिशय अवघड, आजतागायत न सुटलेला प्रश्न. तो संख्याशास्त्राच्या मार्गाने सोडवल्याचा दावा त्यांनी केला आणि तो निबंध कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. तज्ज्ञांना तो पटला नाही. गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला आणि त्यांच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. १९६२ साली त्यांचा करार संपला तेव्हा संस्थेने तो वाढवला नाही. यात अणुविरोधाचा वाटा किती, रीमान प्रकरणाचा किती आणि त्यांच्या तिखट जिभेचा किती, हे तोलून सांगणे अवघड आहे. त्यांच्याशी जमवून घेणे सोपे नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनीही लिहून ठेवले आहे.

नोकरी गेली त्याच वर्षी त्यांचे मिथक आणि वास्तव या विषयावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरीवर एक प्रकरण आहे. शेत कोण कसतो, खाजन कोण राखतो, उत्पन्न कसे वाटले जाते याची नोंद करून त्यांनी स्कंदपुराणातील कथेपाठीमागचा इतिहास शोधला. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेल्या नव्या काबिजादींतले, त्यामुळे ते या प्रकरणाच्या कक्षेबाहेर राहिले. या दोन तालुक्यांतील जमिनींची गुंतागुंत त्यांच्या हाती लागायला हवी होती असे मला नेहमी वाटते. पण गावाचे उत्पन्न आणि गावाची सत्ता यांचा जो संबंध त्यांनी सासष्टी-तिसवाडीच्या बांधावर पाहिला, तोच त्यांच्या सौरशक्तीच्या आग्रहामागेही होता. जे साधन गावाच्या हातात राहू शकते, त्याला त्यांचे झुकते माप होते.

१९६४ साली त्यांनी अविकसित प्रदेशांसाठी सौरशक्ती या विषयावर सेमिनार मासिकात पुन्हा लिहिले. त्याच वर्षी पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना मानद स्वरूपाचे संशोधनपद मिळाले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवत दगडी हत्यारे गोळा करणे, धनगरांच्या वाटा आणि ग्रामदेवतांची ठाणी यांच्या नोंदी घेणे चालूच होते. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ लंडनहून निघाला आणि तो जगभर वाचला गेला.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. पाचच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यातील आपल्या घरी कोसंबी झोपेतच गेले. एकोणसाठ पुरे व्हायला महिना उरला होता.

दोघांपैकी कुणालाही तारापूर पाहायला मिळाले नाही. तिथल्या अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. भाभांनी सांगितलेली दोन दशके १९७५ साली संपली. संमीलनाची भट्टी आली नाही. गुजरातेत गांधीनगरजवळ आदित्य नावाचे यंत्र १९८९ पासून चुंबकाच्या विळख्यात तप्त वायू धरण्याचे प्रयोग करते आहे, फ्रान्समध्ये भारतासह अनेक देश मिळून एक प्रचंड यंत्र उभारीत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत लेसरच्या माऱ्याखाली हायड्रोजनचा कण पेटला आणि त्याच्यावर पडलेल्या २.०५ मेगाज्यूल शक्तीच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल शक्ती बाहेर आली. लेसर चालवायला लागलेली वीज मात्र त्याहून कितीतरी पट अधिक होती. सौरपट्टीची किंमत या साठ वर्षांत इतकी उतरली की पेडण्या-डिचोलीतील घरांच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ती दिसू लागली आहे. आगरवाड्याच्या मिठागरांत मात्र कसलीही पट्टी नाही. तिथे पावसाळा सरल्यावर बांध घालतात, पाणी घेतात आणि ऊन पडण्याची वाट पाहतात.